विलायती डाकेचा जमाखर्च

१८६७ च्या नोव्हेंबरात लंडनला एक करार झाला. एका बाजूला ब्रिटिश टपाल खातं, दुसऱ्या बाजूला ‘पेनिन्सुलर अँड ओरिएंटल’ ही बोटकंपनी, म्हणजे जुन्या मुंबईकरांची पी अँड ओ. कंपनीने दर आठवड्याला मुंबईची डाक न्यायची-आणायची, चीनची डाक पंधरवड्याला, आणि त्याबद्दल तिला वर्षाला ४,००,००० पौंड मिळायचे. तेव्हाच्या भावाने हे झाले ४० लाख रुपये.

गंमत पुढे आहे. कंपनीला आपल्या भागधारकांना ८ टक्के लाभांश देता आला नाही, तर सरकारने रक्कम वाढवून द्यायची, अगदी ५,००,००० पौंडांपर्यंत. आणि नफा ८ टक्क्यांच्या वर गेलाच, तर वरच्या नफ्यातला फक्त चौथा हिस्सा सरकारला. म्हणजे तोटा झाला तर सरकारचा, नफा झाला तर मुख्यतः कंपनीचा. एवढी सोयीची अट आज एखाद्या ठेकेदाराला मिळाली तर दुसऱ्या दिवशी विधानसभेत गदारोळ होईल.

या खर्चात हिंदुस्थान सरकारही वाटेकरी होतं. त्यामुळे प्रश्न पडतो तो असा: जो शेतकरी जन्मात कधी विलायतेला पत्र पाठवणार नव्हता, त्याच्या साऱ्याचा आणि त्या बोटीच्या कोळशाचा संबंध काय? संबंध होता. तो समजून घ्यायचा तर त्या काळच्या सरकारच्या तिजोरीत पैसा कुठून येई आणि कुठल्या भोकातून बाहेर जाई, हे आधी बघावं लागतं.

पण त्याच्याही आधी एक साधी गोष्ट. पत्रावर चिकटवलेलं तिकीट आणि ते पत्र पोचवायला लागणारा खर्च या दोन वेगळ्या रकमा आहेत. एसटीची मुक्कामी गाडी घ्या. डोंगरातल्या शेवटच्या गावात रात्री सात माणसं उतरतात, सकाळी नऊ चढतात. त्यांच्या तिकिटांतून डिझेलही सुटत नाही, तरी गाडी जाते, कारण उरलेला पैसा दुसरीकडून येतो. समुद्रावरच्या डाकेचंही असंच होतं. बोट आठवड्याच्या ठरल्या दिवशी निघालीच पाहिजे, मग पोत्यात दहा हजार पत्रं असोत की दोन हजार. व्यापारी जहाज माल भरेपर्यंत बंदरात थांबतं. डाकेची बोट थांबू शकत नाही. या न थांबण्याची किंमत म्हणून सरकार जी ठरीव रक्कम देई, तिला सबसिडी म्हणत. ती कोण भरणार, यावर साठ-सत्तर वर्षं वाद चालले.

सुरुवातीला लोकांनीच वर्गणी काढली. १८२३ मध्ये कलकत्त्यातल्या व्यापाऱ्यांनी वाफेच्या बोटीसाठी निधी उभारला आणि इंग्लंड-बंगाल प्रवास ठरलेल्या मुदतीत करून दाखवणाऱ्याला बक्षीस लावलं. ‘एंटरप्राइज’ नावाची बोट १८२५ मध्ये आफ्रिकेला वळसा घालून आली खरी, पण तिला ११३ दिवस लागले. त्या वेळात चांगलं शिडाचं जहाजही आलं असतं. वर्गणीच्या जोरावर नियमित डाक चालत नाही, एवढं त्यातून कळलं.

मुंबईने दुसरी वाट धरली: तांबड्या समुद्रातून सुएझपर्यंत बोट, पुढे वाळवंट ओलांडून अलेक्झांड्रिया, तिथून भूमध्य समुद्रातून इंग्लंड. गव्हर्नर होते सर जॉन माल्कम आणि मुंबईच्या आरमाराचे प्रमुख त्यांचे भाऊ सर चार्ल्स माल्कम. सरकारी कामात सख्खे भाऊ दोन्हीकडे असले की फाईल भराभर हलते. मुंबईच्या गोदीत वाडियांच्या हाताखाली ‘ह्यू लिंडसे’ ही ४११ टनांची बोट बांधून झाली, तिला ८० अश्वशक्तीची दोन इंजिनं बसवली, आणि २० मार्च १८३० रोजी ती सुएझकडे निघाली.

या बोटीची रचना होती जेमतेम साडेपाच दिवसांचा कोळसा मावेल अशी. पहिला थांबा एडन, अंतर १,६४१ मैल. मग काय करणार? तळघर भरलं, बैठकीची खोली भरली, झोपायच्या खोल्या भरल्या, डेकवरही कोळशाचे ढीग रचले. अकरा दिवसांनी ती एडनला लागली तेव्हा तिच्याकडे सुमारे सहा तासांचा कोळसा उरला होता. एडनला यंत्र नाही, धक्का नाही. माणसांच्या डोक्यावरून कोळसा चढवण्यात दिवसामागून दिवस गेले. २२ एप्रिलला बोट सुएझला पोचली. एकूण ३३ दिवस. त्यातले २१ दिवस प्रत्यक्ष प्रवासाचे आणि १२ दिवस मुख्यतः कोळसा भरण्यातले.

या बारा दिवसांत डाकेचं सगळं अर्थशास्त्र आहे. बोट बांधणं हा एकदाचा खर्च. खरा पैसा खातो तो कोळसा. हा कोळसा इंग्लंडहून शिडाच्या जहाजांत भरून अर्ध्या जगाला वळसा घालून आणायचा, वाटेवरच्या बंदरांत आगाऊ नेऊन टाकायचा, त्याच्यावर राखण ठेवायची. मुंबई सरकारने हा प्रयोग यशस्वी म्हणून लंडनला कळवला. ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालकांनी हिशोब बघितला आणि नापसंती कळवली. इतका खर्च, आणि कशासाठी, तर थोडी पत्रं लवकर पोचावीत म्हणून! तरी बोट पुढची काही वर्षं अधूनमधून जात राहिली, कारण मुंबईच्या पेढ्यांना तिची चटक लागली होती.

आता तिजोरीकडे. १८३३ च्या सनदेने ईस्ट इंडिया कंपनीचा व्यापार बंद केला. त्यानंतर कंपनीकडे स्वतःचा म्हणून कमाईचा मार्ग उरला नाही. तिचं उत्पन्न म्हणजे हिंदुस्थानचा महसूल. लंडनमधल्या भागधारकांना दरसाल साडेदहा टक्क्यांनी ६,३०,००० पौंड लाभांश मिळे, तोही याच महसुलातून. त्यामुळे जुन्या कागदांत ‘डाकेचा खर्च कंपनीने सोसला’ असं वाक्य आलं की ते ‘हिंदुस्थानच्या रयतेने सोसला’ असं वाचायला हरकत नाही. या महसुलाचा निम्मा किंवा त्याहून अधिक भाग जमिनीच्या साऱ्याचा होता. त्याखाली अफू आणि मीठ. अफूचा पैसा चीनच्या बाजारावर हलायचा, एका वर्षी चंगळ, दुसऱ्या वर्षी खडखडाट. मिठावरचा कर गरिबातल्या गरिबाकडूनही वसूल व्हायचा. साऱ्याचं सांगायला नको. पाऊस पडो न पडो, हप्ता ठरलेला. आणि १८६० पर्यंत या सरकारला आज आपण म्हणतो तसं वार्षिक अंदाजपत्रकच नव्हतं. खर्च होत गेले, तूट आली की कर्ज काढलं.

१८३७ मध्ये ब्रिटिश सरकार आणि कंपनी यांच्यात समझोता झाला: मुंबई-सुएझ डाक दरमहा चालवायची आणि खर्चाचा काही भार ब्रिटिश सरकारने उचलायचा. समझोता कागदावर समान वाटतो. पण या मार्गाला लागणारं एक मोठं सामान त्या हिशोबात धरलेलंच नव्हतं, आणि ते सामान म्हणजे एडन. १९ जानेवारी १८३९ रोजी कॅप्टन हेन्सच्या तुकडीने ते बंदर जिंकलं. निमित्त एका जहाजाच्या लुटीचं होतं, गरज कोळशाच्या कोठाराची होती. एडन मुंबई इलाख्याला जोडलं गेलं. तिथली पलटण, तटबंदी, अधिकाऱ्यांचे पगार हे सगळं डाकेच्या खात्यावर कधी लागलं नाही. लागलं ते लष्कराच्या आणि मुलकी कारभाराच्या खात्यावर. डाक स्वस्त दिसत राहिली.

मुंबई-सुएझ ही फेरी कंपनीचं आरमारच चालवी. कलकत्ता-सुएझ फेरी मात्र पी अँड ओ कडे गेली. त्या आणि चीनच्या फेरीसाठी तिला वर्षाला १,६०,००० पौंड ठरले. पी अँड ओ ला मुंबईही हवी होती. ईस्ट इंडिया कंपनीचे संचालक ती सोडायला तयार नव्हते, कारण आरमाराच्या बोटींना काम राहिलं नाही तर आरमार ठेवायचं कशाला, हा प्रश्न आला असता. तसं बघितलं तर आरमाराकरवी डाक नेणं महागच पडत होतं, वर्षाला लाख पौंडांच्या वर. शेवटी निकाल लागला तो एका अपघाताने. १८५० च्या दशकाच्या सुरुवातीला एकदा ऐनवेळी आरमाराची बोट तयार नव्हती, म्हणून विलायतेहून आलेली मुंबईची डाक एका अरबी गलबतावर चढवली, आणि ते गलबत डाकेसकट बुडालं. मुंबईच्या व्यापाऱ्यांची हुंड्यांची, मालाची, भावांची कागदपत्रं तळाला गेली. त्यानंतर मात्र कुणी आरमाराची बाजू घेतली नाही. १८५५ पासून मुंबईची डाक पी अँड ओ नेऊ लागली, वर्षाला २४,७०० पौंडांत.

लाखाच्या ठिकाणी पंचवीस हजार! खाजगी कंपनी काटकसरीने चालते आणि सरकार उधळपट्टी करतं, याचा पुरावा म्हणून हा आकडा पुढे वर्षानुवर्षं दाखवला गेला. मला तो पुरावा तितका पटत नाही. पी अँड ओ कडे बोटी आधीच होत्या, कोळशाची कोठारं आधीच होती, कलकत्त्याच्या करारातून आलेल्या पैशावर उभी केलेली. शिवाय मुंबईहून चीनला जाणारी माळव्याची अफू याच कंपनीच्या बोटी नेत, आणि त्या मालाचं भाडं चांगलंच घसघशीत होतं. म्हणजे मुंबईच्या डाकेचा उरलेला खर्च अफूच्या पेट्या भरून काढत होत्या. काटकसर थोडी होतीच, पण ओझं एका खात्यावरून दुसऱ्या खात्यावर सरकलं होतं हे जास्त खरं.

याच सुमारास देशातल्या देशात मोठा बदल झाला. १८३७ च्या कायद्याखाली पत्राचा दर अंतरावर ठरे. कलकत्त्याहून मुंबईला तोळाभर वजनाला एक रुपया. रुपया म्हणजे त्या काळी कित्येक घरांचं अनेक दिवसांचं धान्य. १८५० मध्ये नेमलेल्या आयोगाने सुचवलं की अंतर विसरा, वजनावर एकच दर लावा, आणि टपालाकडे महसुलाचं साधन म्हणून बघू नका. त्यावरून १८५४ चा टपाल कायदा झाला. १ ऑक्टोबर १८५४ पासून पाव तोळ्याचं पत्र देशात कुठेही अर्ध्या आण्यात जाऊ लागलं. तिकिटं कलकत्त्याला कॅप्टन थुइलिये यांच्या देखरेखीखाली छापली. अर्ध्या आण्याचं तिकीट आधी शेंदरी रंगात छापायला घेतलं होतं, पण परदेशी शेंदूर पुरेना, म्हणून ते निळं झालं. सरकारी काटकसरीच्या गोष्टी अशाही असतात.

दर इतका उतरल्यावर खात्याला तोटा येणार हे सगळ्यांना दिसत होतं. पण तोटा नेमका किती, हे सांगणं सोपं नव्हतं, कारण पोत्यातलं बरंचसं वजन सरकारी कागदांचं होतं आणि ते फुकट जात असे. हरकारा जो बोजा पाठीवर घेऊन पळायचा, त्यात सावकाराची दोन पत्रं आणि बाकी कलेक्टर कचेरीचे लखोटे असले, तरी उत्पन्न म्हणून मांडायची ती दोन पत्रंच. १८६६ मध्ये सरकारी कामासाठी ‘सर्व्हिस’ असा शिक्का मारलेली तिकिटं आली. सरकारी खात्यांनी टपाल खात्याला पैसे द्यायचे, म्हणजे सरकारने सरकारला. एका खिशातून दुसऱ्या खिशात, पण टपाल खात्याचा ताळेबंद एकदम वेगळा दिसू लागला.

उलट दिशेचा झोल रेल्वेत होता. ग्रेट इंडियन पेनिन्सुला आणि तिच्यासारख्या कंपन्यांना सरकारने भांडवलावर ५ टक्के व्याजाची हमी दिली होती. उत्पन्न कमी पडलं तर उरलेलं व्याज महसुलातून. त्या बदल्यात कंपन्यांनी डाक फुकट न्यायची, अशी करारांत अट होती. टपाल खात्याला रेल्वेची वाहतूक जवळजवळ फुकट पडली, आणि तिची किंमत रेल्वेच्या व्याजाच्या नावाने तिजोरीतून गेली. अर्ध्या आण्याचं टपाल इतकं स्वस्त कसं, याचं निम्मं उत्तर इथे आहे.

खेड्यापाड्यांची कथा आणखी निराळी. बंगालात पोलीस ठाण्यांची पत्रं पोचवायचं काम जमीनदारांवर होतं. १८६२ च्या तिथल्या कायद्याने त्यासाठी जमीनदारांकडून वेगळी पट्टी घेतली जाऊ लागली. मेख हीच आहे. लंडन-मुंबई डाक मध्यवर्ती तिजोरीतून आणि गावची डाक गावच्या पट्टीतून! ज्यांचा समुद्रापलीकडे पत्रव्यवहार होता, ते अधिकारी, पलटणीतले गोरे आणि पेढीवाले. त्यांना वेगळी पट्टी कुणी लावली नाही.

१८५७ च्या उठावाने तिजोरी फाटली. तो मोडण्यात अंदाजे ४ कोटी पौंड गेले आणि ते कर्ज हिंदुस्थानच्या नावावर चढलं. १८ फेब्रुवारी १८६० रोजी जेम्स विल्सन यांनी पहिलं अंदाजपत्रक मांडलं आणि त्यात प्राप्तिकर आणला: २०० ते ५०० रुपयांच्या वार्षिक उत्पन्नावर २ टक्के, त्याहून जास्त उत्पन्नावर ४ टक्के. याच ओढग्रस्तीच्या दशकात मुंबईकरांनी दर आठवड्याच्या डाकेची मागणी लावून धरली. उठावाच्या वेळी बातम्या पोचायला लागलेला वेळ लंडनही विसरलं नव्हतं. त्यातून आला सुरुवातीला सांगितलेला १८६७ चा करार.

चार लाख पौंड उभे करायला पहिला हात अर्थातच पत्र लिहिणाऱ्याच्या खिशात गेला. इंग्लंड-हिंदुस्थान साध्या पत्राचा दर १८६८ मध्ये ६ पेन्सवरून ९ पेन्स झाला. एकीकडे देशात अर्ध्या आण्यात पत्र, दुसरीकडे विलायतेच्या पत्राला सहा आणे. दर वाढवूनही पोट भरलं नाही. लाभांशाची हमी फार काळ टिकली नाही. १८७० मध्ये ती काढून ४,५०,००० पौंड अशी ठरीव रक्कम केली. म्हणजे हमी गेली, पण रक्कम वाढली.

त्यातच नोव्हेंबर १८६९ मध्ये सुएझचा कालवा उघडला. वाटेल की डाक लगेच कालव्यातून जाऊ लागली असेल. नाही. करारात इजिप्तमध्ये रेल्वेने डाक न्यायची असं होतं, म्हणून पी अँड ओ च्या बोटी सुएझला डाक उतरवायच्या, ती रेल्वेने अलेक्झांड्रियाला जायची आणि तिथे पुन्हा दुसऱ्या बोटीवर चढायची. शेजारून दुसऱ्या कंपन्यांच्या बोटी सरळ कालव्यातून मुंबई गाठत होत्या. कंपनीने कालव्यातून नेऊ द्या म्हटल्यावर टपाल खात्याने उत्तर दिलं: मग सबसिडी कमी करू. यावर काही वर्षं घासाघीस चालली. करारातली ओळ जगाच्या नकाशापेक्षा वरचढ ठरते, याचं इतकं चांगलं उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

मुंबईचा मात्र यात फायदा झाला. मार्च १८७० मध्ये जबलपूरला रेल्वेचे रुळ जुळले आणि मुंबई-कलकत्ता गाडी सुरू झाली. त्यामुळे उत्तरेची, बंगालची विलायती डाकही मुंबईतच उतरू लागली. मेलचा दिवस हा फोर्टातल्या पेढ्यांचा धांदलीचा दिवस बनला. पेटी बंद झाल्यावरही जास्तीचा आकार भरून पत्र टाकता येई. भावाची शेवटची तार हातात पडेपर्यंत थांबणाऱ्या कापूसवाल्यांना तो आकार परवडायचा.

आता राहिलं ते सगळ्यात न दिसणारं भोक. डाकेचे करार पौंडांत, रयतेचा सारा रुपयांत. १८७० च्या आसपास पौंडाला साधारण १० रुपये पडत. मग जगात चांदी घसरू लागली, आणि आपला रुपया चांदीचा. १८९४ च्या सुमारास पौंडाला १८ रुपयांच्या घरात मोजावे लागत होते. हिंदुस्थानच्या वाट्याला डाकेचे समजा १,००० पौंड आले, तर आधी १०,००० रुपये पुरत, आता जवळजवळ १८,०००. करारात अक्षराचा बदल नाही, बोट तीच, पत्रं तीच. लंडनमध्ये पौंडांत भागवायच्या प्रत्येक देण्याचं हेच झालं: व्याज, निवृत्तिवेतनं, इंडिया ऑफिसचा खर्च. ‘होम चार्जेस’ नावाने दादाभाई नौरोजी जे वर्षानुवर्षं मांडत होते ते हेच, आणि डाकेचा वाटा त्यातला एक लहानसा तुकडा.

१८९५ मध्ये या सगळ्या हिशोबाची चौकशी करायला लॉर्ड वेल्बी यांच्या अध्यक्षतेखाली आयोग बसला. दादाभाई त्याचे सदस्य होते. १८९७ मध्ये गोपाळ कृष्ण गोखले आणि दिनशा वाच्छा लंडनला जाऊन त्याच्यापुढे साक्ष देऊन आले. गोखल्यांचं वय तेव्हा तीस-एकतीस. आयोगाचा अहवाल १९०० मध्ये आला, आणि बहुमताने त्याने हिंदुस्थानच्या बाजूने जे थोडं मान्य केलं त्यात एक बाब होती एडनच्या लष्करी खर्चाची: त्यातला निम्मा इथून पुढे ब्रिटनने द्यावा. एडन घेऊन तेव्हा एकसष्ट वर्षं झाली होती. मागच्या वर्षांची भरपाई नव्हती.